कानापासून उलट चालत: हाय-रेझ प्लेअर निवडताना आणि घरी बांधताना

हाय-रेझ प्लेअरचा, म्हणजे सीडीपेक्षा बारकाईने साठवलेली गाणी वाजवणाऱ्या छोट्या यंत्राचा, विचार बहुतेक जण चुकीच्या टोकाकडून सुरू करतात. डॅक (डिजिटल आकड्यांचा ॲनालॉग आवाज करणारी) चिप कुठली, ३८४ किलोहर्ट्झ चालतं की ७६८, डीएसडी (एक-बिटी ध्वनिफाइलचा प्रकार) किती पट, हे खोक्यावर ठळक छापलेलं असतं म्हणून तेच आधी विचारलं जातं. सुरुवात करायची ती कानात काय घालणार आहात तिथून. मग उलट चालत जायचं: इअरफोन, त्याला ढकलणारा ॲम्प (सिग्नलला ताकद देणारं सर्किट), ॲम्पला वीज देणारी बॅटरी, गाणी उघडणारं सॉफ्टवेअर, आणि सगळ्यात शेवटी डॅक. आज स्वस्तातल्या बोर्डावर बसणारी डॅक चिपही ११२ डेसिबलचं सिग्नल-नॉइज गुणोत्तर देते. घोडं पेंड खातं ते तिच्या पुढे आणि मागे.

खोक्यावरचे आकडे

सोनेरी-काळा हाय-रेझ लोगो जपान ऑडिओ सोसायटी २०१४ पासून देते. त्यासाठी उपकरणाला २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ हाताळता यायला हवं आणि ॲनालॉग बाजू ४० किलोहर्ट्झपर्यंत पोहोचायला हवी. आउटपुट इम्पिडन्स (हेडफोनच्या पोर्टचा स्वतःचा विद्युत अडथळा) किती, शांततेत सूं-सूं किती, बॅटरी किती तास, यातलं तो स्टिकर काहीच सांगत नाही.

सीडी म्हणजे १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ: सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने, प्रत्येक १६ बिटचा. त्यात २२.०५ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज मावतो आणि माणसाचा कान २० च्या पुढे जात नाही. चाळिशीनंतर तर बराच अलीकडे थांबतो. १६ बिटची आवाका-मर्यादा (सर्वात मोठ्या आणि सर्वात बारीक आवाजातलं अंतर) ९६ डेसिबल, २४ बिटची कागदावर १४४. हातात मावणाऱ्या चांगल्या प्लेअरची प्रत्यक्ष मर्यादा १२० ते १३० च्या आसपास. म्हणजे २४ बिटचा खरा फायदा ध्वनिमुद्रणात, मिक्सिंगमध्ये आणि डिजिटल पद्धतीने आवाज कमी करताना होतो. ऐकताना जो फरक जाणवतो तो बहुतेक वेळा वेगळ्या मास्टरिंगचा, म्हणजे प्रसिद्धीआधी गाण्यावर फिरवलेल्या शेवटच्या हाताचा, असतो.

जागेचा हिशोब मात्र रोकडा आहे. तासभराचं सीडी दर्जाचं संगीत न दाबता ६३५ एमबी, २४/९६ चं सुमारे २.०७ जीबी, २४/१९२ चं ४.१५ जीबी. फ्लॅकमध्ये, म्हणजे दर्जा न गमावता दाबलेल्या फाइलमध्ये, यातलं साधारण ५० ते ६५ टक्के उरतं. १२८ जीबीच्या कार्डावर सीडी दर्जाचे तासातासाचे सव्वातीनशे अल्बम आरामात बसतात. २४/१९२ चे पन्नासेक. मायक्रोएसडी कार्ड आणलं की आधी पूर्ण भरून परत वाचून तपासा. आकार खोटा सांगणारी कार्डं बाजारात भरपूर आहेत, आणि ती पहिले काही जीबी अगदी शहाण्यासारखी वागतात.

विकत घेतलेली २४/९६ ची फाइल खरंच तशी आहे का, हे स्पेक किंवा ऑडॅसिटी या प्रोग्राममध्ये स्पेक्ट्रोग्राम (आवाजातल्या कंपनसंख्यांचं चित्र) काढून दोन मिनिटांत कळतं. २२ किलोहर्ट्झवर पट्टी सरळ कापलेली दिसली तर ती सीडीच फुगवून विकलेली आहे. १६ किलोहर्ट्झला कापलेली दिसली तर मूळ बहुधा १२८ केबीपीएसची एमपी३: नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. जुन्या ७८ आरपीएमच्या तबकड्यांचंही असंच. आपल्याकडे १९०२ साली कोलकात्यात गौहर जान गायल्या तेव्हा समोर माइक नव्हता, भोंगा होता. त्या तबकडीत वरचे स्वर मुळातच नाहीत. खरखर साफ करणाऱ्याला २४/९६ चं हस्तांतर उपयोगी पडतं. ऐकणाऱ्याला १६/४४.१ पुरे.

एमक्यूए (हाय-रेझ फाइल दाबण्याची एका कंपनीची पद्धत) या नावासाठी जास्तीचे पैसे मोजू नका. ती कंपनी २०२३ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि टायडल या गाणी ऐकवणाऱ्या सेवेने २०२४ मध्ये फ्लॅककडे मोर्चा वळवला. ब्लूटूथवर ऐकणार असाल तर एलडॅक या ब्लूटूथवर आवाज पाठवण्याच्या पद्धतीचा कमाल वेग ९९० केबीपीएस, सीडीचा १४११. त्या वाटेने हाय-रेझ पूर्ण पोचत नाही. ज्याचे नव्वद टक्के ऐकणे वायरलेस, त्याने वेगळा प्लेअर घेण्यात मतलब नाही.

इअरफोनचं गणित

इअरफोनच्या कागदावरचे दोनच आकडे हवेत: इम्पिडन्स (विजेला होणारा अडथळा) आणि संवेदनशीलता (दिलेल्या विजेत किती मोठा आवाज). दुसरा आकडा प्रति मिलिवॅट आहे की प्रति व्होल्ट, हे नीट बघा. इथे गल्लत झाली की पुढचा सगळा हिशोब कोसळतो.

रोजचं ऐकणं ७५-८० डेसिबलला होतं, पण तबल्याची थाप किंवा वाद्यवृंदाची उसळी क्षणभर बरीच वर जाते. म्हणून ११० डेसिबलची क्षमता धरायची. ३२ ओहम, १०० डेसिबल प्रति मिलिवॅटच्या हेडफोनला ११० साठी १० मिलिवॅट लागतात: ०.५७ व्होल्ट आणि १८ मिलिअँपिअर. हे कुठल्याही प्लेअरला जमतं. ३०० ओहम, १०३ डेसिबल प्रति व्होल्टच्या हेडफोनला २.२४ व्होल्ट लागतात, पण करंट जेमतेम साडेसात मिलिअँपिअर. ३७ ओहम, ९४ डेसिबल प्रति मिलिवॅटच्या प्लॅनर (सपाट पडद्याच्या) हेडफोनला ४० मिलिवॅट, म्हणजे १.२ व्होल्ट आणि ३३ मिलिअँपिअर. पहिल्याला काहीही चालेल, दुसऱ्याला व्होल्टेज हवं, तिसऱ्याला करंट. ‘५०० मिलिवॅट’ एवढंच लिहिलेलं असेल तर ते किती ओहमवर, आणि साध्या पोर्टवर की बॅलन्स्डवर (जिथे डाव्या-उजव्याला वेगवेगळ्या अधिक-उणे तारा असतात), हे विचारल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही.

कानात बसणाऱ्या संवेदनशील इअरफोनची गोष्ट उलटी. तिथे ताकद नको, शांतता हवी. १६ ओहम, ११० डेसिबल प्रति मिलिवॅटच्या इअरफोनला ५ मायक्रोव्होल्ट नॉइज असलेला ॲम्प जोडला तर कानात २२ डेसिबलची सूं-सूं होते. रात्री, पंखा बंद असताना, ती ऐकू येते. नॉइज २ मायक्रोव्होल्ट असेल तर तीच १४ डेसिबलवर येते आणि विसरायला होते. जास्त ताकदीचा प्लेअर अशा इअरफोनसाठी बऱ्याचदा वाईट निवड ठरतो.

तिसरी गोष्ट आउटपुट इम्पिडन्स. तो इअरफोनच्या इम्पिडन्सच्या आठव्या भागापेक्षा कमी असावा, हा साधा नियम. कारण बघा. अनेक ड्रायव्हरच्या (आवाज काढणाऱ्या सुट्या भागांच्या) इअरफोनचा इम्पिडन्स सगळीकडे सारखा नसतो. समजा एका पट्टीत ८ ओहम आणि दुसऱ्या पट्टीत ४०. प्लेअरचा आउटपुट इम्पिडन्स १० ओहम असेल तर या दोन पट्ट्यांत ५ डेसिबलचा फरक पडतो, आणि गायकाचा आवाजच बदलतो. १ ओहम असेल तर फरक ०.८ डेसिबल. ‘या प्लेअरचा आवाज ऊबदार आहे’ असं ऐकू आलं की आधी हा आकडा तपासावा.

बॅलन्स्ड पोर्टबद्दल थोडक्यात. ४.४ मिमीच्या जॅकवर दुप्पट व्होल्टेज मिळतं, म्हणून ३०० ओहमवाल्यांना उपयोग. पण ४.४ च्या भोकात साधा तीन कड्यांचा हेडफोन बसवणारं ॲडॉप्टर कधीही लावू नका. त्यात डाव्या-उजव्या दोन्ही उणे आउटपुट एकमेकांना जोडल्या जातात आणि ॲम्प शॉर्ट होतो. उलटं, म्हणजे बॅलन्स्ड केबल साध्या पोर्टला ॲडॉप्टरने जोडणं, चालतं.

दुकानात स्वतःचं कार्ड न्या

दुकानातलं डेमो गाणं प्लेअरला शोभावं म्हणूनच निवडलेलं असतं. आपलं कार्ड तयार करून न्या आणि पुढचं तपासा.

एक मिनिटाची पूर्ण शांत फाइल. सर्वात संवेदनशील इअरफोन लावून आवाज थोडा चढवा. काही प्लेअर शांतता दिसली की आउटपुट म्यूट करतात, त्यामुळे फाइलमध्ये मध्येच एखादी अगदी बारीक टिचकी ठेवा. त्या टिचकीसोबत सूं-सूं उगवते का, ते कळेल.

एक आलाप मधोमध कापून दोन ट्रॅक केलेले. तानपुऱ्याचा नाद अखंड असतो, त्यामुळे गॅपलेस (दोन ट्रॅकमध्ये खंड न पाडता) वाजवणं जमत नसेल तर सांध्यावर चिमटा काढल्यासारखं जाणवतं. सिनेमाची सुटी गाणी ऐकणाऱ्याला हा दोष वर्षभर कळणार नाही. ख्याल ऐकणाऱ्याला पहिल्याच रात्री कळतो.

४४.१ आणि ९६ किलोहर्ट्झच्या फाइल आलटून-पालटून. दर बदलताना टक्क असा आवाज आला तर क्लॉक (नमुन्यांची गती ठरवणारा ठोका) बदलण्याआधी म्यूट होत नाही. शफलवर ऐकणाऱ्याला हे असह्य होतं.

देवनागरी नावं. ‘श्रीकृष्ण’, ‘तऱ्हा’, ‘किती’, ‘ज्ञान’ असे शब्द फाइलच्या नावात आणि टॅगमध्येही टाका. चौकोन दिसले तर फॉन्टच नाही. अक्षरं दिसली पण किती मधली वेलांटी क नंतर आली, किंवा जोडाक्षर फुटून हलन्त दिसला, तर फॉन्ट आहे पण अक्षरं जुळवणारी यंत्रणा नाही. ते फर्मवेअर (प्लेअरच्या आतलं सॉफ्टवेअर) बदलल्याशिवाय सुधारत नाही. अँड्रॉइडवर चालणाऱ्या प्लेअरमध्ये ही अडचण येत नाही. स्वतःचं छोटं फर्मवेअर असलेल्या स्वस्त प्लेअरमध्ये हमखास येते.

आणि कार्डावर चार-पाच हजार फाइल भरून किती वेळात लायब्ररी तयार होते ते बघा. रॅम कमी असेल तर काही प्लेअर मधेच अडकतात.

बॅटरीचे छापील तास सीडी दर्जाची फाइल, साधा पोर्ट, बंद स्क्रीन आणि कमी आवाज धरून काढलेले असतात. बॅलन्स्ड पोर्ट आणि डीएसडीवर ते बरेच खाली येतात. बॅटरी बदलता येते का, हे विचारा. दोन-तीन वर्षांनी बाकी सगळं ठणठणीत असताना प्लेअर निकामी होतो तो तिच्यामुळे.

एवढं करून उत्तर ‘फोन आणि यूएसबी डोंगल’ असं आलं तर ते मोकळ्या मनाने स्वीकारावं. इअरफोन सोपे असतील तर चांगला डोंगल (फोनला लावायचा छोटा डॅक-ॲम्प) पुरतो. फक्त साध्या ॲपमधून बरेच फोन सगळं ४८ किलोहर्ट्झवर बदलून पाठवतात, म्हणून यूएसबीला थेट बोलणारं ॲप वापरा.

घरी बांधायचा असेल तर

खालची रचना इअरफोन आणि साधारण ८० ओहमपर्यंतच्या सोप्या हेडफोनसाठी आहे. ३०० ओहमला व्होल्टेज पुरणार नाही, प्लॅनरला करंट. भाग मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत मिळतात. न मिळालेले ऑनलाइन मागवा.

मेंदू म्हणून रास्पबेरी पाय झिरो २ डब्ल्यू हा छोटा संगणक (पुढे नुसता ‘पाय’), डॅक म्हणून पीसीएम५१०२ए चा छोटा बोर्ड, १० के चा दुहेरी लॉग पॉट (आवाजाचा नॉब), हेडफोनला करंट पुरवणारा बफर म्हणून एनजेएम४५५६ए (आठ पिनांची, हाताने सोल्डर होणारी, प्रत्येक बाजूला ७० मिलिअँपिअर देणारी), उणे व्होल्टेजसाठी एलटी१०५४, संरक्षण सर्किट असलेली ३००० एमएएच ची लिथियम बॅटरी, ५ व्होल्टचं बूस्ट मॉड्यूल आणि पॉवर-पाथ असलेला चार्जर.

चार्जरवर थोडं थांबायला हवं. सगळीकडे मिळणारं टीपी४०५६ मॉड्यूल इथे नको. ठरवलेल्या करंटच्या दहाव्या भागावर करंट उतरला की बॅटरी भरली असं ते समजतं. १ अँपिअरला सेट असेल तर ही सीमा १०० मिलिअँपिअर. प्लेअर चालू असताना रास्पबेरी पाय त्याहून जास्तच ओढतो, त्यामुळे चार्जिंग संपतच नाही आणि बॅटरी तासन्‌तास ४.२ व्होल्टवर ताटकळते. ती फुगते ती अशीच. पॉवर-पाथवाली चिप उपकरणाचा भार वेगळा आणि बॅटरीचा वेगळा हाताळते.

डॅक बोर्डच्या मागे चार छोटे जंपर असतात. पहिला, दुसरा आणि चौथा खालच्या पातळीला, तिसरा वरच्या पातळीला सोल्डरने जोडा. तिसरा म्यूटचा, तो खाली राहिला तर सगळं बरोबर असूनही चकार आवाज येत नाही. एससीके ही पिन ग्राउंडला जोडा म्हणजे चिप आपलं मास्टर क्लॉक आतच तयार करते. ती मोकळी सोडली तर कधी आवाज येतो, कधी नुसती खरखर, आणि माणूस दिवसभर सॉफ्टवेअरमध्ये चूक शोधत बसतो. मग तीन तारा: बिट क्लॉक पायच्या १२ व्या पिनला, डावं-उजवं क्लॉक ३५ व्या पिनला, डेटा ४० व्या पिनला. तारा १० सेंटिमीटरच्या आत ठेवा आणि त्यांच्यासोबत एक ग्राउंडची तार न्या.

बोर्डवर एक ३.५ मिमीचा जॅक दिसेल. तो लाइन आउटपुट आहे, हेडफोनचा नव्हे. आउटपुटच्या वाटेत साधारण ४७० ओहमचा रेझिस्टर असतो, म्हणून ३२ ओहमचा हेडफोन लावला तर आवाज येतो पण २४ डेसिबलने दबलेला आणि वाकडा. चाचणीपुरता ठीक.

डॅकच्या ५ व्होल्टच्या वाटेत ४.७ ओहमचा रेझिस्टर आणि त्यानंतर ग्राउंडला ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घाला. बोर्ड ३० मिलिअँपिअरच्या आसपासच घेतो, त्यामुळे व्होल्टेज ०.१४ ने घटतं, पण बूस्ट मॉड्यूलची कुरकुर आणि पायच्या कामाचे झटके ७० हर्ट्झच्या वर गाळले जातात. हे न केल्यास गाण्याच्या मधल्या शांततेत, कार्ड वाचलं जाताना, रातकिड्यासारखी किर्र ऐकू येते.

पॉटनंतर १ मायक्रोफॅरडचा फिल्म कपॅसिटर, त्यानंतर ग्राउंडला ४७ के, आणि मग बफर. कपॅसिटर नसेल तर चिपचा बारीकसा इनपुट करंट पॉटमधून वाहतो आणि नॉब फिरवताना खरखरतं. बफरला गेन (वाढीचा पट) एकच, म्हणजे आउटपुट सरळ उणे इनपुटला. डॅक मुळातच २.१ व्होल्ट देतो, वाढवायचं कशाला? गेन वाढवलात की पॉट सुरुवातीच्या दहा टक्क्यांतच अडकतो, आणि तिथे स्वस्त पॉटच्या दोन बाजू सारख्या नसतात; आवाज एका कानाकडे कलतो. उलट, फार संवेदनशील इअरफोन असतील तर पॉटच्या आधी दोन्ही बाजूंना २२ के लावा. आवाज १० डेसिबलने खाली येतो आणि नॉब वापरण्याजोग्या जागी येतो. बफरच्या आउटपुटला १ ओहमचा रेझिस्टर पुरे.

ग्राउंडच्या बाबतीत एकच शिस्त: हेडफोन जॅकची ग्राउंड तार जाड घ्या आणि थेट ॲम्पच्या वीजपुरवठ्याच्या ग्राउंड बिंदूवर न्या. ती वाटेत पॉटच्या ग्राउंडला टेकवली तर हेडफोनचा करंट इनपुटच्या संदर्भात मिसळतो, आणि डावा आवाज उजवीकडे झिरपू लागतो.

सॉफ्टवेअरमध्ये पायचा स्वतःचा ऑडिओ बंद करा, कॉन्फिग फाइलमध्ये हायफायबेरी-डॅक नावाचा ओव्हरले (पायला डॅकची ओळख करून देणारी ओळ) लिहा, आणि वाजवायला एमपीडी हा प्रोग्राम बसवा. एमपीडीला थेट हार्डवेअरचं नाव द्या, मधला मिक्सर नको. नाहीतर सगळं एकाच दरावर रूपांतरित होऊन जाईल आणि तुम्हाला पत्ताही लागणार नाही. फाइल सिस्टिम फक्त-वाचन करून ठेवा, म्हणजे बॅटरी मधेच संपली तरी कार्ड बिघडत नाही. वाय-फाय वापरत नसाल तर बंद ठेवा. बॅटरीही वाचते, टकटकही जाते.

एक मर्यादा लक्षात असू द्या. पायकडे ४४.१ च्या पटीतला स्वतःचा क्रिस्टल नाही, तो भागाकार करून क्लॉक बनवतो. पुढची पायरी चढायची असेल तर २२.५७९२ आणि २४.५७६ मेगाहर्ट्झचे दोन क्रिस्टल असलेला, स्वतः क्लॉक देणारा डॅक बोर्ड घ्या. पहिला ४४.१ च्या कुळासाठी, दुसरा ४८ च्या.

बॅटरीचा अंदाज असा: पाय आणि बाकीचे मिळून ५ व्होल्टवर ३०० मिलिअँपिअर धरले तर दीड वॅट. बूस्टमधली गळती धरून १.७. बॅटरीत ११.१ वॅट-तास. सहा-साडेसहा तास. स्वतःचं छोटं फर्मवेअर असलेले तयार प्लेअर बऱ्याचदा याच्या दुप्पट-तिप्पट चालतात, कारण त्यांच्यात पूर्ण संगणक जागा ठेवलेला नसतो.

पहिल्यांदा वीज देताना हेडफोन लावलेला नसावा. मल्टिमीटर घ्या आणि बफरच्या वीजपिनांवर अधिक ५ आणि उणे साडेचारच्या जवळपास येतं का ते बघा. उणे बाजू शून्यावर असेल तर एलटी१०५४ चा कपॅसिटर उलटा लागलाय का ते तपासा. मग जॅकवर डीसी मोजा, दोन्ही बाजू. १० मिलिव्होल्टच्या आत असेल तर पुढे जा. वीसच्या वर असेल तर हेडफोन लावू नका, ४७ के चा सांधा तपासा. चालू-बंद करताना दोन्ही व्होल्टेज एकाच वेळी चढत-उतरत नाहीत, त्यामुळे धप्प आवाज होतो; रिले (विजेवर चालणारा स्विच) बसवेपर्यंत हेडफोन चालू केल्यावर लावायचा आणि बंद करण्याआधी काढायचा. पहिली चाचणी ड्रॉवरमध्ये पडलेल्या, गेला तरी हळहळ वाटणार नाही अशा जुन्या इअरफोनवर करा. आवडता हेडफोन तासभर तसं वाजल्यानंतरच.